मिरगात मिरग का दिसत नाही : डोंगरातल्या एका शाळेतील नक्षत्र-ओळखीचे प्रकरण

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगररांगांमध्ये शिरत गेलेल्या एका खोऱ्यातल्या प्राथमिक शाळेत जानेवारी ते जून २०२५ या काळात तिसरी ते पाचवीच्या मुलांना तारे आणि नक्षत्रे यांची ओळख करून देण्याचा जो प्रयत्न झाला, त्याची ही नोंद आहे. शाळेतले दोन शिक्षक आणि बाहेरून गेलेले आम्ही तिघे हौशी आकाशनिरीक्षक असे पाच जण त्यात होतो. मुले तीसच्या आसपास होती. आमच्या मते उत्तम आखलेला पहिला कार्यक्रम फसला, आणि पुढे जे काही साधले ते चौथीतल्या एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाचा माग काढण्यातून साधले. लहान मुलांसाठी आकाशदर्शन ठेवू पाहणाऱ्या शिक्षकांना आमच्या चुकाच अधिक उपयोगी पडतील असे वाटल्यामुळे त्यांना येथे थोडी जास्त जागा दिली आहे.

परिस्थिती

या खोऱ्यातले रात्रीचे आकाश अजूनही काळेभोर असते. पूर्वेला नारायणगावच्या बाजूने दिव्यांची फिकट झाक येते, ती सोडली तर उजेडाचा त्रास नाही. मात्र उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगर असल्याने क्षितिजाजवळचा भाग झाकला जातो. मुले भात-नाचणी करणाऱ्या, हिरडा गोळा करणाऱ्या घरांतली आहेत. याच तालुक्याच्या पूर्व भागात, खोडदजवळ, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांपैकी काही मुलांनी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला गेल्यावर पाहिल्या होत्या. त्या भेटीतून मुलांच्या मनात एक समजूत पक्की झाली होती, ती म्हणजे अशा ‘डिश’पाशी बसून कोणीतरी डोळा लावतो आणि त्याला चांदण्या घराएवढ्या मोठ्या दिसतात. रेडिओ लहरी डोळ्यांना दिसत नाहीत हे त्यांना सांगितले गेले असणारच, पण ते राहिले नव्हते. दुर्बिणीकडून मुलांची काय अपेक्षा असते हे आम्ही आधी विचारले असते, तर पहिल्या संध्याकाळची निम्मी फजिती टळली असती.

पहिली संध्याकाळ

दिवस ठरला शनिवार, २५ जानेवारी. अमावास्या चार दिवसांवर होती, त्यामुळे चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता, आणि दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाच्या तयारीसाठी मुले तशीही शाळेत थांबणार होती. आखणी अशी होती की आधी सप्तर्षी, त्यावरून ध्रुव, मग शर्मिष्ठा, मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका, पुनर्वसू अशी ओळख करून द्यायची आणि शेवटी दुर्बिणीतून सर्वांना काही ना काही दाखवायचे.

पहिली चूक या आखणीच्या पहिल्याच शब्दात होती. जानेवारीच्या अखेरीस संध्याकाळी साडेसातला सप्तर्षी पूर्ण उगवलेलेच नसतात. आम्हा तिघांनाही हे माहीत होते, तरीही पुस्तकात ध्रुव शोधण्याची रीत सप्तर्षींवरून दिलेली असते म्हणून कागदावर तो क्रम उतरला आणि कोणी तो आकाशाशी ताडून पाहिला नाही. ऐन वेळी शर्मिष्ठेवरून ध्रुवाकडे जावे लागले. शर्मिष्ठा हे नाव मुलांनी कधी ऐकलेले नव्हते. ध्रुवाची गोष्ट मात्र सर्वांना पाठ होती, आणि तिथेच दुसरी अडचण आली. देवाने ज्याला अढळपद दिले तो तारा सर्वांत तेजस्वी असणार, असे मुलांनी धरले होते. प्रत्यक्षात ध्रुव दुसऱ्या प्रतीचा, मध्यम तेजाचा तारा आहे, आणि जुन्नरच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून सुमारे १९ अंशच वर असल्याने त्या रात्री तो उत्तरेच्या डोंगराच्या धारेवर जेमतेम टेकलेला दिसत होता. ‘‘एवढासाच?’’ असे एक मुलगा म्हणाला आणि बाकीचे पश्चिमेकडच्या झगझगीत शुक्राकडे वळून त्यालाच ध्रुव म्हणू लागले.

त्या महिन्यात ‘ग्रहांची रांग’ दिसणार असल्याची बातमी मोबाइलवर फिरत होती. ती ऐकून आलेल्या मुलांना आणि पालकांना माळेतल्या मण्यांसारखे ग्रह हवे होते. शुक्र आणि शनी पश्चिमेला, गुरू डोक्याजवळ आणि मंगळ पूर्वेला अशी आकाशभर पसरलेली मांडणी पाहून त्यांचा हिरमोड झाला. शिवाय या ग्रहांनी नक्षत्रांची आकृतीही बिघडवली होती. रोहिणीच्या शेजारी गुरू तिच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसत होता, त्यामुळे ‘‘ती तांबूस चांदणी रोहिणी’’ म्हटले की बोटे गुरूकडे जात. पुनर्वसूचे दोन तारे सांगावेत तर मंगळ त्यांना येऊन चिकटलेला, म्हणजे तिथे तीन दिसत होते. ज्याला आकाशाची सवय आहे त्याच्या मनात ग्रह आपोआप वजा होतात. नवशिक्याला जे दिसते ते सगळे एकाच पातळीवरचे असते.

दुर्बिणीपुढची रांग पाऊण तास चालली. गुरूचे चार उपग्रह ठिपक्यांसारखे दिसले, ते ज्यांना नीट दिसले त्यांना आवडले. पण व्याध पाहताना दुर्बिणीतही ठिपकाच दिसतो हे कळल्यावर मुलांचा रस गेला. रांगेत थांबलेल्यांना कोणीतरी मोबाइलवरचे आकाशाचे ॲप दाखवू लागले. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात; तो सराव त्या पांढऱ्या पडद्याने एका क्षणात मोडला. हिरव्या लेझरच्या काडीने तारे दाखवण्याचा परिणामही उलटाच झाला, कारण मुले ताऱ्याऐवजी काडीच पाहत राहिली.

नऊच्या सुमारास आम्ही आवरते घेतले, आणि त्याच वेळी चौथीतल्या त्या मुलीने विचारले, ‘‘सर, हा मिरग खरा आहे का? मिरग तर पेरणीला असतो. आता कसा आला?’’ आमच्यापैकी एकाने ‘‘तो वेगळा, हा वेगळा’’ असे उत्तर दिले. घाईतले ते उत्तर चुकीचे होते.

प्रश्नाचे मूळ

शेतकरी घरातल्या मुलाला नक्षत्र हा शब्द आकाशातून मिळत नाही, तो पावसातून मिळतो. मे महिन्याच्या अखेरीस ‘रोहिणी निघाली’, ७ किंवा ८ जूनला ‘मिरग लागला’, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे घरात बोलले जाते; कोणत्या नक्षत्राचे वाहन बेडूक आणि कोणाचे कोल्हा यावरून पावसाचा अंदाज बांधला जातो. म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाकडे नक्षत्रांची नावे आधीच असतात, तीही योग्य क्रमाने; मात्र त्याच्या लेखी ती पंधरवड्यांची नावे असतात. आम्ही त्याच नावांचे तारे दाखवत होतो आणि या दोहोंचा संबंध काय, याबद्दल अवाक्षरही काढले नव्हते.

संबंध सरळ आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांच्या पार्श्वभूमीवरून सरकताना भासतो आणि प्रत्येकात तेरा-चौदा दिवस राहतो. जूनमध्ये तो मृगाच्या दिशेला पोहोचतो, तेव्हा ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो, आणि नेमका त्याच वेळी मृग सूर्याबरोबर उगवून सूर्याबरोबर मावळत असल्यामुळे दिसू शकत नाही. हिवाळ्यात पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेलेली असते म्हणून तेच तारे रात्रभर दिसतात. आकाशातला मृग आणि पेरणीचा मिरग एकच आहेत. ‘‘तो वेगळा, हा वेगळा’’ या उत्तराने आम्ही मुलीच्या हातातला दोरा तोडला होता. पुढच्या आठवड्यात शिक्षकांनी वर्गात ते उत्तर चुकले होते असे स्पष्ट सांगितले. ही गोष्ट लहान वाटली तरी पुढच्या सगळ्या कामाचा सूर तिने ठरवला, असे माझे मत आहे.

बदललेली पद्धत

यानंतर मोठा कार्यक्रम घ्यायचा नाही असे ठरले. प्रत्येक मुलाने आपल्या अंगणातली एक जागा पक्की करायची, कोणी तुळशीपाशी, कोणी गोठ्याच्या खांबापाशी, आणि आठवड्यातून दोनदा रात्री आठ वाजता तिथूनच मृग कुठे दिसतो ते वहीत काढायचे. खाली डोंगराची धार, वर मृगाचे चार पाय आणि पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, बाकी काही नाही. उंची मोजायला हात ताठ करून धरलेली मूठ वापरायची. अशी मूठ आकाशात सुमारे दहा अंश झाकते, आणि लहान मुलाचा हात आखूड असला तरी मूठही लहान असल्याने हिशेब फारसा चुकत नाही. विजेरीला संक्रांतीच्या पतंगांतून उरलेला लाल कागद बांधला की वही दिसते आणि डोळ्यांचा सरावही टिकतो.

छापील नकाशा या वेळी बराच उशिरा हातात दिला. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते, कारण तो डोक्यावर धरून पाहायचा असतो. भूगोलाच्या नकाशाची नुकतीच ओळख झालेल्या मुलाला तो जमिनीवर पसरून दिला की तो बुचकळ्यात पडतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी दिसले होते.

नावांच्या बाबतीत आम्ही थोडे सैल झालो. मृगाच्या पोटातला बाण कोणी मारला, हा प्रश्न मुलांनीच काढला. बाणाची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की ती व्याधाशी जाते, म्हणजे शिकारी सापडतो, आणि उलट वर वाढवली की रोहिणीपर्यंत पोहोचता येते. गोष्ट आणि दिशा एकत्र आल्यामुळे ही जोडी कोणी विसरले नाही. ‘व्याध’ या शब्दाचा अर्थ मात्र सांगावा लागला, तो आता बोलण्यात राहिलेला नाही. कृत्तिकांना एका मुलाने द्राक्षाचा घड म्हटले आणि तालुक्यात द्राक्षे पिकत असल्याने तेच नाव वर्गात रुळले. घरी आजी-आजोबांना विचारून या असे सांगितल्यावर सप्तर्षींसाठी ‘खाटलं’ हे नाव मिळाले. चार तारे म्हणजे खाटेचे खूर आणि मागचे तीन म्हणजे चोर, अशी ती कल्पना आहे. विदर्भातल्या गोंड समाजातही सप्तर्षींमध्ये खाट आणि मृगात शेतीचे अवजार पाहतात, हे तिथल्या लोकपरंपरेच्या अभ्यासातून नोंदले गेले आहे. खाटलं की सप्तर्षी, यातले एक निवडण्याची गरज आम्हाला वाटली नाही; दोन्ही नावे फळ्यावर लिहिली गेली.

राशी आणि जन्मनक्षत्र यांचा विषय टाळता आला नाही. ‘‘माझं नक्षत्र दाखवा’’ असे मुले म्हणतात, आणि ते दाखवावे. त्या निमित्ताने अनुराधा किंवा श्रवण या वर्षाच्या कोणत्या काळात दिसतात हे सांगता येते. त्या नक्षत्राने स्वभाव ठरतो का, असे एका पालकाने विचारले, तेव्हा शिक्षकांनी तसा पुरावा नसल्याचे शांतपणे सांगितले आणि पुन्हा वहीकडे वळले.

वह्यांनी काय दाखवले

आकाश एका ठरावीक वेळी पाहिले तर तारे महिन्याला सुमारे तीस अंश, म्हणजे तीन मुठी, पश्चिमेकडे सरकलेले दिसतात, कारण प्रत्येक तारा रोज जवळपास चार मिनिटे आधी उगवतो. हे आम्ही मुलांना सांगितले नाही. जानेवारीच्या अखेरीस रात्री आठला पूर्वेकडे कललेला मृग फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात त्याच वेळी दक्षिणेला सर्वांत उंच आला, तेव्हा ज्यांच्या वह्या चालू होत्या त्यांना ते स्वतःहून लक्षात आले. अर्थात सगळ्यांच्या वह्या चालू नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यातच बऱ्याच जणांचा उत्साह ओसरला होता. शेवटपर्यंत टिकली ती दहा-बारा मुले. एकाने एकाच रात्री बसून चार दिवसांची चित्रे काढली होती. मॅडमनी ती चोरी लगेच पकडली, कारण शोभेसाठी काढलेली चंद्रकोर चारही चित्रांत सारखीच होती. त्याला रागावण्याऐवजी मॅडमनी ही चूक वर्गापुढे कोडे म्हणून ठेवली. चंद्र दिवसाला सुमारे तेरा अंश पुढे जातो, म्हणजे एका नक्षत्राएवढा, हे मुले त्या कोड्यातून शिकली.

याच ओघात १२ फेब्रुवारीची माघी पौर्णिमा आली. त्या संध्याकाळी पूर्वेला उगवलेल्या चंद्राच्या जवळ मघा तारा दाखवला आणि महिन्याचे नाव विचारले. कार्तिक कृत्तिकांवरून, चैत्र चित्रेवरून, ही यादी मग मुलांनी पुरी केली. मार्गशीर्ष हे नाव मृगशीर्षावरून आले आहे हे त्यांना सर्वांत आवडले, कारण मार्गशीर्षातले गुरुवार घरोघरी पाळले जातात आणि त्याच महिन्यात मृग रात्रभर आकाशात असतो.

पहिल्या रात्री घोटाळा करणाऱ्या ग्रहांनीही आता मदत केली. पुनर्वसूजवळचा ‘तिसरा’ फेब्रुवारीत त्यांच्यापासून दूर सरकला, मार्चअखेरीस पुन्हा जवळ आला, आणि दरम्यान तो बराच मंद झाला. रोहिणीशेजारचा गुरूही मार्चच्या अखेरीस अर्धी मूठभर पूर्वेला गेलेला होता. पाचवीतल्या एका मुलाने वहीत लिहिले होते, ‘हे दोन पाहुणे आहेत, बाकीचे घरचे.’ ग्रहाची व्याख्या आम्हाला यापेक्षा वेगळी करावी लागली नाही. महाशिवरात्रीच्या जागरणाला वडिलांबरोबर देवळात गेलेल्या दुसऱ्या एकाने सांगितले की पहाटे तीनला मृग बुडून गेला होता आणि उलट्या बाजूने विंचू वर आला होता. ही नोंद पुढे फार उपयोगी पडली.

अंतरांच्या विषयात आम्ही मुद्दाम शिरलो नाही. प्रकाशवर्ष ही कल्पना या वयाला जड जाते असे माझे अजूनही मत आहे. तरी एक अपवाद केला. व्याध ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये डोळ्यांत शिरलेला त्याचा उजेड २०१६ च्या मध्यास निघालेला होता, तिसरीतल्या मुलांच्या जन्माच्या आसपास. रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे तिचा उजेड आजीच्या वयाचा. पाचवीतल्या मुलांनी आपल्या वयाचा तारा मागितला, तेव्हा व्याधाखेरीज दुसरा शोधावा लागला आणि प्रश्वा पुढे करण्यात आला. तो साडेअकरा प्रकाशवर्षांवर आहे. एवढे त्यांना चालले.

२८ मार्चला, पाडव्याच्या दोन दिवस आधी, रात्री आठ वाजता सगळे पुन्हा एकत्र जमले. या वेळी ईशान्येला सप्तर्षी वर आलेले होते, शेपटीकडचे तीन तारे खाली आणि चौकोन वर असे, म्हणजे भिंतीला उभी करून ठेवलेली खाट. पहिल्या रात्री न जमलेली ध्रुवाची रीत आता दोन मिनिटांत जमली, आणि तो मध्यम तेजाचा का आहे असे कोणी विचारले नाही. तो दोन महिन्यांत जागचा हललेला नाही हे मुलांनी स्वतःच सांगितले.

मिरगाचे कोडे

मूळ प्रश्नाचे उत्तर एप्रिलमध्ये मैदानावर दिले गेले. मधोमध दिवा ठेवला, तो सूर्य. बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर मुले गळ्यात पाट्या अडकवून क्रमाने उभी राहिली: कृत्तिका, मृग, मघा, चित्रा, ज्येष्ठा, श्रवण, भाद्रपदा. आतल्या लहान वर्तुळावरून पृथ्वी झालेले मूल चालत होते. दिव्याकडे तोंड केले की दिवस, पाठ केली की रात्र. ते मूल ज्येष्ठेच्या बाजूला आले, तेव्हा रात्रीच्या दिशेला ज्येष्ठा म्हणजे वृश्चिकाचा विंचू समोर आला आणि मृग दिव्याच्या पलीकडे दडला. मग महाशिवरात्रीच्या पहाटेची नोंद वाचली गेली: मृग बुडतो तेव्हा विंचू उगवतो. ‘‘म्हणजे मिरगात मिरग सूर्यामागे असतो,’’ असे त्या चौथीतल्या मुलीने जाहीर केले. ढगांमुळे नव्हे, ढग नसते तरी दिसला नसता, हा पुढचा मुद्दा काढायला तिला थोडा वेळ आणि दोन फेऱ्या जास्त लागल्या. या खेळातली एक त्रुटी मान्य करायला हवी. नक्षत्रे पृथ्वीभोवती वीस फुटांवर उभी आहेत अशी समजूत काही मुलांची झाली, आणि ती आम्ही पूर्ण दुरुस्त करू शकलो नाही.

त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. मे महिन्यातच राज्यभर जोरदार सरी पडल्या आणि २६ मेला, म्हणजे सूर्य रोहिणीत असतानाच, मोसमी पाऊस मुंबईत पोहोचल्याचे जाहीर झाले. जूनच्या मध्यास शाळा उघडली तेव्हा त्या मुलीने मॅडमना घरातला वाद सांगितला. आजीचे म्हणणे होते की यंदा मिरग आधीच आला. तिचे म्हणणे असे, ‘‘मिरग नाय आला आधी, पाऊस आला. मिरग त्याच्या तारखेलाच आला.’’ आकाशात तर ढगच होते, मग आजीला पटवलेस कसे, असे मॅडमनी विचारले. तिने वही उघडून शेवटचे पान दाखवले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले, सुट्टीत कोणी न सांगता काढलेले ते चित्र होते, आणि त्यात पश्चिमेच्या डोंगराच्या धारेपासून दीड मुठीवर मृगाचे चार पाय आणि बाण होते. पुढची पाने कोरी होती.